रेटिक शून्य

मेडिकलच्या तिसऱ्या मजल्यावर
निळ्या रंगात भिजवलेली ती काच
मी पुसून पुन्हा लावली. चूक माझीच असणार.
हजार पेशी मोजल्या.
जाळी असलेली एकही नाही.

नव्याने जन्मलेल्या तांबड्या पेशीत निळी जाळी दिसते,
शेणाने सारवलेल्या अंगणात
कोंबडीची पिल्लं फिरून गेल्यासारखी.
सुगतच्या रक्तात नुसत्या जुन्या पेशी,
धार लावून लावून वाकलेले विळे.
अंगणात कुणी आलंच नव्हतं.

हिमोग्लोबिन तीन पूर्णांक एक.
"अन् पोट्टं खाटेवर बसून बिस्किट खाऊन राह्यलं,"
येरपुडे म्हणाले, आणि धावत रक्तपेढीत गेले.

विळ्याचं कारण जुनं, एका अक्षराचं.
सहाव्या शब्दात मधे ए हवा, तिथे टी.
एक चूक आईकडून, एक बापाकडून;
नारी रोडच्या घरात दोन पिवळी कार्डं
एकमेकांना भेटली ती लग्नानंतर चार वर्षांनी.

पण या वेळी तो टी नव्हता.
हा दुसराच,
ज्याचं धड बारसंही झालं नाही.
'बी' पट्टीतला एकोणिसावा नमुना,
म्हणून नाव बी-एकोणीस.
साडेपाच हजार अक्षरांचा सगळा जीव.
धडधाकट पोराच्या गालावर
थप्पड बसल्यासारखी लाली ठेवून निघून जातो.
मज्जेत मात्र शोधतो थेट बाळंतिणीची खोली
आणि आठ-दहा दिवस एकही पाळणा हलू देत नाही.
तुम्हा-आम्हाला कळतही नाही,
आपली पेशी चार महिने जगते.
सुगतची दोन-तीन आठवडे.

पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवर आम्रपाली.
वय सात. तीच काच, तेच शून्य.

दोघांच्या नळ्या मी एकाच बर्फात ठेवल्या.
विषाणूचं जनुक वाचून यायला सहा आठवडे गेले,
तोवर रक्त चढलं, ताप उतरला, दोघं घरी.
कागद आला.
भावाचा आणि बहिणीचा विषाणू अक्षर न् अक्षर सारखा,
फक्त एका जागी
त्याच्यात जी, तिच्यात ए.
अर्थ बदलत नाही त्याने.
आमच्याकडे पाण्याला पानी म्हणतात ना, तसं;
तहान तीच भागते.

पण वर्गात एकाची वही बघून दुसऱ्याने उतरवली
की मास्तरांना अशाच एका चुकीवरून कळतं.
त्याचं सगळं तिच्यात होतं.
तिचं एक त्याच्यात नव्हतं.

वनमालाबाई फॉलिक ॲसिडच्या गोळ्या न्यायला आल्या.
शाळेचे गणवेश शिवतात;
बोटावर सुईचे काळे ठिपके,
पदराला निळ्या कापडाचा एक धागा.
"कोनापासून कोनाले झालं व म्याडम?
ते मांगचं त म्याच देल्लं, मले मालूम हाय.
हे बी घरातूनच का?"

सुगत जिन्याच्या कठड्याला टेकून
बहिणीच्या हातातलं संत्रं सोलून देत होता.

अहवालात नाव आहे, वय आहे,
नमुना क्रमांक, जनुकप्रकार, शेरा.
कोणी कोणाला, असा रकाना नाही.
असता तरी.
"शाळेतून आलं असंल, बाई," मी म्हटलं.
खोटं नव्हतं.
त्याला ते कुठूनतरी आलंच होतं.

मग आम्रपालीची नवी काच लावली.
अंगणभर पिल्लं.
शंभराच्या पुढे गेले होते मी
तेवढ्यात खाली चौकात कुणी हॉर्न वाजवला
आणि आकडा निसटला.
पुन्हा पहिल्यापासून मोजते आहे.
घाई नाही.